एकोणीस नंबरची फिल्म

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमची नाटककंपनी आज शिडीवरून पडली.

नाटककंपनी म्हणजे माझे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर राहतात, उंच भिंती आणि छतं रंगवायचं काम करतात आणि घरात काही जड उचलायची वेळ आली की आजारी पडतात. कपाट हलवायचं होतं तेव्हा कंबर धरली. पाण्याची टाकी धुवायची होती तेव्हा चक्कर आली, आणि तासाभरात तोच चक्कर आलेला माणूस मित्राच्या स्कूटरवर मागे बसून हसत जाताना मी खिडकीतून पाहिला. तेव्हापासून त्यांच्या दुखण्यांची नोंद मी या वहीत ठेवते. माणसं बोललेलं फिरवतात, म्हणून लिहिलेलं बरं.

दुपारी हॉस्पिटलात आले ते थेट माझ्याच एक्स-रेच्या खोलीत. सोबत धाकटी, म्हणजे माझी जाऊ, रडून डोळे लाल. भाऊजींनी उजवा दंड डाव्या हातानं असा उचलून धरला होता की जणू तान्हं मूल घेऊन आलेत. खांद्याच्या फोटोला दोन्ही हात सैल सोडून सरळ उभं राहायचं असतं. बावीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला ओरडून हेच सांगत आले, "हात सोडा, खाली लोंबू द्या!" बाहेर बाकावर बसलेले लोकसुद्धा दचकून हात सोडतात. भाऊजींना मात्र म्हणाले, "राहू दे हो तसाच. तुमचा हात, तुम्हीच सांभाळा." चालू नाटकात पडदा कशाला पाडा! ते 'आई गं' म्हणत उभे राहिले आणि मी बटण दाबलं.

खांद्याचं गणित सोपं असतं. कॉलरबोन, आणि तिच्या खाली खांद्याच्या पात्याचं एक चोचीसारखं टोक, या दोघांमधलं अंतर मोजायचं. आतले बंध तुटले असतील तर हात आपल्याच वजनानं खाली ओढला जातो आणि अंतर वाढतं. चांगली बाजू मोजायची, दुखरी बाजू मोजायची, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहायचे. आमच्याकडे हे काम माझं. उजेडाच्या पेटीवर फिल्म लावायची, मोजपट्टी धरायची. मोठे डॉक्टर माझी चिठ्ठी वाचून निकाल देतात, फिल्म पाकिटातून काढतसुद्धा नाहीत. इतका विश्वास मी कमावलाय.

डावा अकरा मिलिमीटर, उजवा बारा. एका मिलिमीटरसाठी एवढा गळा काढला होता! आकडा मिळाल्यावर फिल्म पाकिटात घातली. त्यात आणखी बघण्यासारखं काही नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, मुका मार आहे, तीन आठवडे विश्रांती, मग थोडा व्यायाम. मला हेच अपेक्षित होतं.

संध्याकाळी धाकटी खाली आली. पदरानं हात पुसत दारातच उभी राहिली.

"ताई, खरं सांगा. हाड निसटलंय का हो?"

"काही निसटलेलं नाही. मी स्वतः मोजलंय."

"ते तर म्हणतात, आत काहीतरी खटकन् हलतं."

"ते काहीही म्हणतील. पट्टीला त्यांचा लळा नाही, मला नाही तसाच."

हसली बिचारी. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, ते मी बघितलं. नवऱ्याचं हाड शाबूत आहे याचा आनंद आधी झाला, आणि मग तो आपल्याला फसवतोय हे ध्यानात आलं. मला जरा वाईट वाटलं. पण एकदा कधीतरी तिचे डोळे उघडायलाच हवे होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजींवर पाळत ठेवून आहे. सकाळी गच्चीवर एकटेच होते. मी जिन्याच्या दाराआडून पाहत होते, त्यांना पत्ता नव्हता. दोरीवरचे कपडे डाव्या हातानं काढत होते. एक चिमटा वर अडकला, तर उजवा हात लावायच्या ऐवजी शर्ट तिथेच सोडून खाली बसले आणि कपाळ गुडघ्याला लावलं. बघायला कोणी नसतानासुद्धा! मुरलेला नट आहे. भूमिकेतून बाहेरच येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठे डॉक्टर शुक्रवारी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मोठ्या मुलीएवढ्या. आल्या आल्या त्यांनी आमच्या विभागाची झडती घेतली म्हणा ना.

"जानेवारीत दोन पेशंटना 'फरक नाही' म्हणून घरी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "दोघेही खांद्यावर उंचवटा घेऊन परत आलेत. आपली मापं किती भरवशाची आहेत ते एकदा बघू या."

मग योजना सांगितली. गेल्या सहा महिन्यांतल्या चाळीस खांद्यांच्या फिल्म काढायच्या. पेशंटचं नाव, तारीख आणि फोटो काढणाऱ्याची खूण काळ्या चिकटपट्टीनं झाकायची. (आम्ही फिल्मच्या कोपऱ्यात शिशाची एक खूण ठेवतो, ती फोटोत पांढरी उमटते. माझा त्रिकोण, दुसऱ्याचा गोल.) मी, शिट्टी आणि स्वतः डॉक्टरीणबाई, तिघांनी वेगवेगळं बसून मोजायचं. मग तीन आठवड्यांनी क्रम उलटसुलट करून त्याच फिल्म पुन्हा मोजायच्या. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, आणि प्रत्येकाचे स्वतःशी तरी जुळतात का, हे पाहायचं.

शिट्टी म्हणजे दुसरा एक्स-रेवाला. नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे, दोन मुलांचा बाप आहे, पण काम करताना तोंडानं शिट्टी वाजवायची खोड गेली नाही. योजना ऐकून तो म्हणाला, "छान आहे की, मॅडम." इतक्या पटकन छान? माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी बघते तर तो आणि डॉक्टरीणबाई खिडकीशी चहा पीत उभे. मी जवळ गेले तर गप्प झाले. चहा संपला होता म्हणून गप्प झाले असं शिट्टी नंतर म्हणाला. मी त्याच्या पेल्यात डोकावून पाहिलं नाही, एवढंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पहिली फेरी. खिडक्यांचे पडदे ओढून, उजेडाच्या पेटीसमोर एकटी बसले. सकाळी नऊ ते दीड. सवयीचं काम, पण नाव झाकलेलं असलं की कसंतरीच वाटतं. कोण म्हातारं, कोण तरणं, कोण रडवं, काही कळत नाही. नुसती हाडं समोर. नेहमी मला माणूस आधी कळतो आणि मग त्याचा खांदा. आज मध्येच दोनदा पट्टी खाली ठेवून डोळे चोळावे लागले.

एकोणीस नंबरच्या फिल्मशी आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोच्या खालच्या कडेला, उजव्या दंडावर, चक्क दुसऱ्या हाताची बोटं! चार बोटांची हाडं स्वच्छ दिसतायत. म्हणजे पेशंट दंड उचलून धरून उभा आहे आणि फोटो काढणाऱ्या गाढवानं त्याला हात सोडायला सांगितलेला नाही. हात आधारावर असेल तर खांदा खाली ओढला कसा जाणार? अंतर वाढणार कुठून? असा फोटो म्हणजे वजनकाट्याला हात लावून वजन करणं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

तरी मोजलं. डावा अकरा, उजवा पंधरा. आधार देऊनसुद्धा पंधरा! सोडला असता तर किती झाला असता कोण जाणे. या पेशंटला कोणी 'फरक नाही' म्हणून घरी पाठवलं असेल तर देवच त्याचा वाली. माझ्या तक्त्यावर एकोणीससमोर मोठ्ठी लाल फुली मारून ठेवली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या विभागात फोटो काढणारे दोघंच. मी नाही, म्हणजे कोण ते सांगायला ज्योतिषी नको.

शिट्टीला डबा उघडतानाच गाठलं. "पेशंटला हात सोडायला सांगतोस ना रे?"

"तुमच्याच तालमीत शिकलोय, मॅडम. झोपेतसुद्धा सांगतो. बायको म्हणते, रात्री तिलाच 'हात सोडा' म्हणून ओरडलो."

"आणि एखाद्यानं नाहीच सोडला तर?"

"तर थांबतो. दुखत असतं हो त्यांना. जरा धीर दिला की सोडतात."

साळसूदपणा बघा! हा चेहरा मी लक्षात ठेवला.

८ मार्च, शनिवार

तीन आठवड्यांचे साडेचार झाले तरी भाऊजींचा हात काही बरा होईना. आज ह्यांचा संयम सुटला. वर जाऊन भावाला म्हणाले, "अरे, हाड ठीक, डॉक्टर ठीक म्हणतात, तुझी वहिनी स्वतः सांगते. आता काय हाताला गजरा बांधून बसणार आहेस? तुझा मुकादम रोज निरोप पाठवतोय."

भाऊजी नेहमी उलट बोलतात. आज फक्त माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, परत एकदा फोटो काढून बघायचा का?"

"एकदा काढलाय," मी म्हणाले. "खांदा काही रोज बदलत नाही."

धाकटीनं त्यांचा डबा भरला. ब्रशांची पिशवी दारात आणून ठेवली. त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली आणि जिना उतरले. आजपासून एका मोठ्या सभागृहाचं छत आहे म्हणे, पंधरा दिवसांचं काम. हात वर करून करून सगळा आळस निघून जाईल. मला बरं वाटलं, आणि खरं लिहायचं तर थोडं नाहीही वाटलं. त्यांच्या त्या बघण्यात रोजचा नट नव्हता.

१९ मार्च, बुधवार

दुसरी फेरी. क्रम बदललेला. बोटांवाली फिल्म या वेळी तेहतीस नंबरला होती, मी लगेच ओळखली. डावा अकरा, उजवा चौदा. पुन्हा एकदा त्या गाढवाला शिव्या घातल्या.

घरी भाऊजी सहा वाजताच आले. छताचं काम अर्धवट टाकून. मुकादमानंच घरी पाठवलं असं धाकटीला म्हणाले. ती मला सांगायला आली आणि तिचा आवाज कोरडा होता. "ताई, आता मी त्यांच्याशी बोलतच नाही. काय खरं, काय खोटं मला कळत नाही."

२१ मार्च, शुक्रवार

आज निकाल.

डॉक्टरीणबाईंनी तिघांचे आकडे फळ्यावर मांडले. शिट्टीची पहिली आणि दुसरी फेरी जवळजवळ एकसारखी, फरक एखाद्या मिलिमीटरचा. डॉक्टरीणबाईंचा दीड-दोन. आणि माझे? एका फिल्मला पहिल्यांदा तेरा, नंतर सतरा. दुसऱ्या एकीला अठरा, नंतर तेरा. अकरा फिल्ममध्ये तीन मिलिमीटरच्या वर फरक.

मी तक्ता हातात घेतला. आकडे माझ्या अक्षरातले. सात तर असा दांडीवाला मीच काढते. पण बावीस वर्षं पट्टी धरणारी मी असं लिहीन कशी? कुठेतरी नक्की पाणी मुरतंय. कागद बदलले म्हणावं तर सही माझी. फिल्म बदलल्या म्हणावं तर बोटांवाली तीच होती.

डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "यात कोणाला कमी लेखायचं नाही. हाडाची कड गोल असते. पट्टीचं टोक कुठे टेकवायचं ते मापणारा ठरवतो. आणि मापणाऱ्यानं आधीच मनात काही ठरवलेलं असेल तर पट्टी आपोआप तिकडे सरकते. माझीही सरकते. म्हणून तर नावं झाकली." मग चिठ्ठ्यांवरचे जुने आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून आणखी बघावं लागेल, असं म्हणाल्या.

मला ते समजावणं सहन झालं नाही. "पट्टीचं राहू द्या," मी म्हणाले. "फोटोच चुकीचा काढला असेल तर पट्टी काय करणार? तेहतीस नंबर लावा पेटीवर. पहिल्या फेरीतली एकोणीस."

लावली. बोटं सगळ्यांना दिसली.

"हा फोटो कोणी काढला ते कळू द्या. चिकटपट्टी काढा. इथेच, सगळ्यांसमोर."

"तसं करायचं नाही असं ठरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंटला मी परत बोलावणारच आहे. पण इथे नावं उघडायला नकोत."

"का? कोणाला वाचवायचंय?" मी शिट्टीकडे बघत म्हणाले.

शिट्टी खाली बघत होता. "राहू द्या ना, मॅडम," तो हळूच म्हणाला. "मी फिल्म लावल्या होत्या. चिकटपट्टी मीच लावलीय."

तरीही मला कळलं नाही. मीच पुढे झाले आणि नखानं पट्टी सोलली. कोपऱ्यात पांढरा त्रिकोण होता. त्याखाली तारीख, चार फेब्रुवारी. त्याखाली आमचं आडनाव.

२२ मार्च, शनिवार

पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहिते, कारण या वहीत मी खोटं लिहीत नाही. शिट्टीनं माझा त्रिकोण वापरला असेल, असं आलं. बसनं घरी येईपर्यंत मी तेच धरून होते. घरी आले, वही उघडली आणि चार तारीख वाचली. 'राहू दे हो तसाच.' माझ्याच अक्षरात, जरा ऐटीत लिहिलेलं.

बारा लिहिलं होतं मी. नाव झाकल्यावर त्याच फिल्मला पंधरा आणि चौदा. माणूस माहीत होता तेव्हा बारा.

२४ मार्च, सोमवार

भाऊजींना घेऊन गेले. वाटेत काहीच सांगितलं नाही, परत फोटो काढायचाय एवढंच. ते "बरं" म्हणाले.

फोटो शिट्टीनं काढला, मी काचेमागे उभी होते. त्यानं दोन्ही हातांनी भाऊजींचा दंड धरून हळूहळू खाली सोडला, मध्ये दोनदा थांबला, "सावकाश, घाई नाही" म्हणाला. हात पूर्ण लोंबला तेव्हा शर्टाच्या आतून खांद्याचं टोक वर आलेलं मला काचेमागूनही दिसलं. उघड्या डोळ्यांना दिसत होतं. सात आठवडे एकाच घरात राहून मी ते पाहिलं नव्हतं. कपडे डाव्या हातानं काढतात तेवढं मात्र दाराआडून बघितलं होतं.

शिट्टीनं पट्टी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. त्यानं मोजलं, डॉक्टरीणबाईंनी वेगळं मोजलं. एकवीस आणि बावीस. चांगल्या बाजूला अकरा.

"बंध तुटलेत," डॉक्टरीणबाई भाऊजींना म्हणाल्या. "पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळलं असतं तर काम सोपं होतं. आता तुटलेली टोकं आखडलीत. दुसरीकडचा स्नायूबंध आणून बसवावा लागेल. ऑपरेशन करू, खांदा बराच सुधारेल."

"छत रंगवता येईल?" भाऊजींनी विचारलं.

"हात डोक्याच्या वर धरून दिवसभर काम, त्याचं वचन मी देत नाही."

बाहेर आल्यावर मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. एकोणीस नंबर, बोटं, बारा आणि पंधरा. हात मी सोडायला सांगितला नाही ते. मी त्यांना नाटककंपनी म्हणते तेही सांगितलं.

"ते माहीत आहे," ते म्हणाले. "बायकोनंच सांगितलं होतं. मला आवडायचं." मग उठता उठता म्हणाले, "आता गेलेल्या आठवड्यांचा हिशेब घरात नको, वहिनी. घरी मी सांगतो. तुम्ही काही बोलू नका."

२५ मार्च, मंगळवार

काल रात्री जेवताना सगळे खालीच होते. भाऊजींनी सांगितलं. हॉस्पिटलचं मशीन बिघडलं होतं म्हणे, फेब्रुवारीतले बरेचसे फोटो चुकले, आता दुरुस्त केल्यावर खरं काय ते कळलं. इतकं सहज सांगितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला.

हे भडकले. असल्या हॉस्पिटलला कुलूप ठोकलं पाहिजे म्हणाले. मग भावाकडे बघून आवाज खाली आला. "आणि मी तुला काय काय बोललो रे."

"जाऊ दे, दादा. मशीनला कोण काय करणार?"

मला गप्प बसता आलं असतं. मान खाली घालून जेवत राहिले असते तर या घरात कोणाला कधी कळलं नसतं, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं असतं. मी तसा विचार केलासुद्धा, दोन घास खाईपर्यंत केला.

"मशीनला काही झालं नव्हतं," मी म्हणाले. "फोटो मी चुकीचा काढला. माप मी चुकीचं घेतलं. भाऊजी खोटंच सांगत असणार, असं मी त्यांना खोलीत शिरताना बघूनच ठरवलं होतं."

ह्यांनी हातातला पेला खाली ठेवला. भाऊजी रागावले, मला पहिल्यांदाच त्यांचा खरा राग दिसला. "वहिनी, सांगितलं होतं ना तुम्हाला, बोलू नका म्हणून?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली आणि नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. हात लावू की नको अशी थोडा वेळ नुसतीच बसून राहिली.

"आत्ता दुखतंय का हो?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "हो," म्हणाले. "खूप दुखतंय गं."

सात आठवड्यांत आमच्या घरात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. माझ्याकडे आकडा होता.